वरणभाताला २८० रुपये कोण देईल?

प्रश्न : ताई नमस्कार, मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून तीन वर्षं मुंबईत नोकरी करून आता नाशिकला परत आलाय आणि कॉलेज रोडच्या आमच्या गाळ्यात २० खुर्च्यांचं 'बिस्ट्रो' काढायचं म्हणतोय. मेनूत वरणभात रिझोटो, पिठलं हमस, थालीपीठ टाको असे ५४ पदार्थ! त्याचे बाबा म्हणतात, घरी रोज मिळतं त्या वरणभाताला २८० रुपये कोण देईल. आणि बिस्ट्रो म्हणजे कॅफेच ना?
– काळजीत पडलेली आई, नाशिक

उत्तर : कॅफे नाही हो, पॅरिसच्या गल्लीतली खाणावळ म्हणा. १८१४ मध्ये रशियन सैनिक तिथं घुसले आणि 'बिस्त्रो, बिस्त्रो' म्हणजे लवकर आणा म्हणून ओरडायचे त्यावरून नाव पडलं असं सांगतात, पॅरिसच्याच मोंमार्त्र भागातल्या एका हॉटेलावर तशी पाटीपण आहे. पण छापील फ्रेंचमध्ये हा शब्द दिसतो तो १८८० च्या दशकात, मग मधली सत्तर वर्षं सगळे गप्प बसले होते का? मला तरी ही थाप वाटते. आपल्या कामाचं एवढंच की तिथं शिजायचं ते स्वस्तातलं घरगुती जेवण, कांद्याचं सूप आणि त्यात शिळा पाव. म्हणजे आपली फोडणीची पोळीच की!

आता मेनू. रिझोटोची, म्हणजे इटलीतल्या त्या मऊ, चीज घातलेल्या भाताची आयडिया चांगली आहे, इंद्रायणीचा गुरगुट्या भात तसाही मऊ आणि चिकटसर होतो, पण त्यात चीज घातलं तर हिंग आणि तुपाचा वास मेला म्हणून समजा, आणि लोक त्या वासासाठीच येणार आहेत! वर तळलेलं मिरगुंड चुरून घाला, बाजूला लिंबाचं गोड लोणचं, एवढी क्रिएटिव्हिटी पुरे. पिठल्याला हमस म्हणू नका, हमस म्हणजे काबुली चण्याची चटणी, ती गार खातात आणि पिठलं गार झालं की आळून वडी होते, तेव्हा छोट्या लोखंडी कढईत गरमच द्या, बुडवायला भाकरीचे कडक तुकडे. थालीपीठ टाको मात्र रद्द, टाको म्हणजे सारण भरून दुमडलेली मेक्सिकन पोळी, आणि थालीपीठ दुमडलं की मोडतंच, त्यापेक्षा तळहाताएवढी थालीपिठं लावा आणि मधल्या भोकात लोण्याचा गोळा.

५४ पदार्थ म्हणजे ५४ डबे, अर्धे फेकायचे. बाराच ठेवा. कच्चा माल विक्रीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शात बसवायचा असतो, २८० च्या ताटाला नव्वदेक रुपये, आणि वरणभाताला तेवढे लागतच नाहीत, म्हणून तूप चांगलं वापरा ना! बाबांना सांगा, गिऱ्हाईक तुमच्यासारखं घरात जेवणारं नाहीये, भाड्याच्या खोलीत राहून रोज मॅगी खाणारी पोरं आहेत, फक्त त्यांना २८० परवडणार नाहीत, तेव्हा दुपारी अर्धी प्लेट ठेवा. आणि गॅस निळा १९ किलोचाच हं, घरचा लाल सिलेंडर तिथं चालत नाही.

प्रश्न : तुमची फोडणीची पोळी मोकळी कशी होते? माझा लगदा होतो.
– एक नवीन गृहिणी, सातारा

उत्तर : पोळ्या ताज्या असणार! आदल्या रात्रीच्याच घ्या, हातानं कुस्करा, मिक्सर नको, आणि पाण्याचा नुसता हबका मारा. फोडणीच्या भातालाही गारच भात लागतो, पण तो रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, आमच्याकडे सगळे ठेवायचे म्हणून चालतं असं नाही. भातातले काही जंतू शिजूनही टिकतात आणि त्यांचं विष परत गरम केलं तरी जात नाही. परातीत पसरून गार करा, लगेच फ्रीजमध्ये टाका. वरच्या ताईंनी हे मुलाला पण सांगावं, त्याला तर रोज वीस लोकांना खायला घालायचंय.