बोलोन्याला जा, पण कर्ज काढून नको

सांगलीच्या एका शिक्षिकाताईंचं पत्र आलं आहे. लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, मार्च-एप्रिलमध्ये दोघांना इटलीतल्या बोलोन्याला जायचंय, जुनं शहर पाहायला आणि तिथलं खायला. एजंटाने आठ दिवसांच्या इटली सहलीचे 4.5 लाख सांगितलेत. पैसे कुठून आणू, 14 टक्क्यांचं पर्सनल लोन, ठेवीतले अडीअडचणीचे पाच लाख, की लेकीच्या शिक्षणाची एसआयपी थांबवून, असा प्रश्न आहे.

ताई, तिन्ही नको. 4.5 लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण 15,400 बसतो आणि व्याज लाखाच्या वर जातं. लेक अकरावीत आहे, म्हणजे तिच्या कॉलेजच्या फीचं पहिलं वर्ष आणि हा हप्ता बरोबर एकमेकांवर येतील. घरखर्च आणि गृहकर्ज मिळून महिना 95 हजार जातात, त्यामुळे ते पाच लाख जेमतेम पाच महिन्यांचं पाठबळ. मिस्टरांची नोकरी खाजगी आहे, त्याला हात लावू नका.

पण जाऊ नका असं मी म्हणणार नाही. तुमच्या हिशेबात महिना 28 हजार शिल्लक दिसतात आणि 1.2 लाखांची एक ठेव जूनमध्ये पिकतेय. जानेवारीपासून 23 हजार बाजूला टाकलेत तर जुलैअखेर 2.8 लाख हाताशी, ऑक्टोबरअखेर 3.5 लाख. दिवाळीच्या सुट्टीत निघा. शाळेची रजाही खर्ची पडणार नाही.

साडेतीनात भागेल? भागेल, पण एजंटाची सहल सोडावी लागेल. तिच्यात रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि बोलोन्यात फक्त एक रात्र! जे पाहायला जायचं, तेच बसच्या खिडकीतून. त्यापेक्षा सात रात्री बोलोन्यातच राहा. फ्लोरेन्स वेगवान रेल्वेने चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर, मोडेना अर्ध्या तासावर. माझा अंदाज असा: विमान 1.3 लाख, मुक्काम 80 हजार, खाणं 50, व्हिसा-विमा 30, रेल्वे-तिकिटं आणि एक पास्ता-वर्ग 35, हाताशी 25. मार्च-एप्रिलमध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांचं आणि बालपुस्तकांचं अशी दोन मोठी आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं भरतात, हॉटेलं जत्रेतल्या लॉजसारखी महागतात. दिवाळीच्या तारखा ठरवतानाही प्रदर्शनांचं वेळापत्रक एकदा बघाच.

शहर स्वतः फार पैसे मागत नाही. जुन्या घरांपुढच्या कमानदार ओसऱ्या (पोर्टिको) एकूण साठ किलोमीटरच्या वर आहेत, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. सान लुकाच्या टेकडीवर जाणारी ओसरी जवळपास चार किलोमीटर, 666 कमानी, एक पैसा नाही. पाऊस आला तरी डोकं भिजत नाही. 1088 ची परंपरा सांगणारं विद्यापीठ, त्याच्या जुन्या इमारतीतलं लाकडी शरीररचना-प्रेक्षागृह (इथे विद्यार्थ्यांसमोर शवविच्छेदन व्हायचं), यांचं तिकीट किरकोळ. कललेल्या गारिसेंदा मनोऱ्याच्या डागडुजीसाठी 2023 मध्ये भोवतालचा भाग बंद केला होता, त्यामुळे शेजारच्या उंच मनोऱ्यावर चढायचं म्हणून आगाऊ पैसे कुणाला देऊ नका.

आता खाणं. मिस्टर शाकाहारी आहेत असं लिहिलंत, इथे पैसे वाया जायची खरी भीती. रागू म्हणजे मांसाची ग्रेव्ही, तोर्तेल्लिनी म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता, त्या सारणात डुकराचं मांस, वर तिचं सारही मांसाचंच. दोघांसाठी ‘फूड टूर’ घेतलीत तर एक जण पाव खात बसेल. टूर तुमच्यापुरतीच घ्या. त्यांना रिकोत्ता भरलेली मोठी तोर्तेल्लोनी, लोणी आणि सेजच्या पानांतली, आवडेल. पार्मेसान चीझ मात्र वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात, कडक शाकाहारी असतील तर आधी सांगा. हॉटेलात बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी बैठकीचे पैसे लागतात, ते धरूनच चाला.

कार्डाचं मशीन रुपये की युरो विचारेल, युरोच दाबा. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्क्यांपर्यंत, वर जीएसटी. त्यापेक्षा आधीच युरो भरून घेतलेलं फॉरेक्स कार्ड स्वस्त पडेल.

राहिला एजंटाने मागितलेला 50 हजारांचा आगाऊ, शुक्रवारपर्यंत, परत न मिळणारा. देऊ नका. शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी प्रौढांना 90 युरो, आणि 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. स्टेटमेंट मागतात, त्यात महिन्यागणिक साठलेली रक्कम दिसलेली बरी. कर्जाची रक्कम अचानक जमा झालेली दिसली की प्रश्न येतात. मुक्काम रद्द करता येईल असाच घ्या, आणि विमानाचं तिकीट जुलैत, ठेव पिकल्यावर काढा.