दहा नावं मागू नकोस

रामबाग, इंदूर

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

‘मामा, तुझे ऑल टाइम टॉप टेन व्हिडिओ गेम पाठव’ असा तुझा मेसेज मिळाला. दहा नाही पाठवत. चार पाठवतो, आणि त्यातलाही एक नियमात न बसणारा. आधी नियम ऐक. गेम संपला, शेवट कळला, सगळी गुपितं उघडी पडली, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावासा वाटतो का? वाटला तर तो आवडता. बाकीचे बरे होते म्हणायचं आणि सोडून द्यायचं. आपल्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, पाहुणा दिसेल त्या गाडीवर एकेक घास खात फिरतो. इंदूरकर गराडूसाठी, म्हणजे तळलेल्या कंदासाठी, ठरलेल्या गाडीवरच जाऊन उभा राहतो. सेलमध्ये घेतलेल्या अर्धवट गेमचा तुझ्या स्टीमवरचा, म्हणजे त्या ऑनलाइन गेमच्या दुकानातला, ढीग पाहता तू अजून पाहुणाच आहेस.

पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, १९८५. आमच्याकडे तो पिवळ्या कॅसेटमधून यायचा. कॅसेटवर हजारो गेमचा आकडा, आत तेच दहा-वीस फिरून फिरून. तू त्याला जुनापुराणा म्हणून हसतोस. पहिली लेव्हल एकदा सावकाश खेळ. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळं मैदान. कुठे जायचं ते न सांगता कळलं. समोरून गुम्बा नावाचा छोटा शत्रू चालत येतो. उडी मारली नाहीस तर मेलास, पण नुकसान काय, चार पावलांचं. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला खालून डोकं आपटलं की मशरूम निघतं, उजवीकडे घसरत जातं आणि पाइपला धडकून तुझ्याच अंगावर परत येतं. नवखा घाबरून उडी मारतो, तर वरच्या विटांना आपटून खालीच येतो आणि मशरूम त्याला मिळतंच. मारिओ मोठा होतो! गेम बनवणाऱ्या शिगेरू मियामोतोने हे सगळं एक अक्षर न लिहिता शिकवलंय. पुढे दोन जिने समोरासमोर येतात, मधे सपाट जमीन. मग तशीच दुसरी जोडी, फक्त आता मधे खड्डा. हल्लीच्या गेममध्ये सुरुवातीलाच सूचनांच्या पाट्यांवर पाट्या वाचाव्या लागतात, त्याचा मला मनापासून वैताग येतो.

दुसरा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, १९८९. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. म्हणून हा राजपुत्र धावता धावता एकदम थांबत नाही. कडेवर थांबायचं तर बटण आधीच सोडावं लागतं. हाताशी एकच तास, आणि मेलास तरी घड्याळ मागे जात नाही. वाटेत एका आरशातून आरपार उडी मारावी लागते, तेव्हा तुझीच सावली सुटून पळते. पुढे ती तुझ्यासाठीचं औषध पिऊन टाकते. शेवटाजवळ तलवार उपसून समोर येते, आणि तिच्यावर वार केलास की जीव तुझाच कमी होतो. तिथे काय करायचं ते सांगणार नाही. डोकं खाजव, चीड, पण यूट्यूबवर शोधलंस तर मला तोंड दाखवू नकोस.

तिसरा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’, २००५. मारायला डोंगराएवढे सोळा जीव, बाकी सगळं रान ओसाड. एकेक पडतो तेव्हा जिंकल्याचा जल्लोष नाही, उदास संगीत वाजतं, आणि आपण हे काय करून बसलो असं होतं. जास्त लिहीत नाही.

नियम मोडणारा तो ‘आउटर वाइल्ड्स’, २०१९. बावीस मिनिटांत सूर्य फुटतो, तू मरतोस आणि पुन्हा तिथेच जागा होतोस. तुझी ताकद वाढत नाही, पॉइंट मिळत नाहीत. जे कळलं तेवढंच शिल्लक. त्यामुळे एकदा उलगडला की पुन्हा खेळण्यात राम नाही. तरी यादीत आहे. नियम माझा, मोडणाराही मीच.

‘राजी’बद्दल विचारलंस. २०२० चा, तुझ्याच पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राजस्थानी धाटणीचे वाडे, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, डोळे निवतात अगदी. लढाया मात्र थोड्या वेळाने त्याच त्या वाटायला लागतात. आपल्या माणसांनी केलाय, जरूर विकत घे. यादीत घालायचा की नाही ते खेळून ठरव. कौतुकाचं खातं वेगळं, आवडीचं वेगळं.

आता तू मला तीन नावं पाठव. रेटिंग नको, ग्राफिक्सचे गोडवे नकोत. कंट्रोलर हातात तसाच धरून तू नुसता बघत बसलास, असा एक प्रसंग प्रत्येक नावापुढे लिही. नाही आठवला तर ते नाव खोड.

दिवाळीत येशील तेव्हा प्लेस्टेशन २ माळ्यावरून काढून ठेवतो. जागरणं होणार हे ताईला आधीच सांग. ओरडली तर ब्रिक गेमचा विषय काढ. भर दुपारी भांडून तो माझ्या हातातून हिसकावून घ्यायची ती तीच.

तुझा
मामा