रात्री एक वाजता तिने कुणाला फोन करायचा?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेलं पत्र लांबलचक आहे. मराठी शाळा, सासूबाईंची मेमधली फेरी, आणि मधेच दडवल्यासारखं हे: "सोळा वर्षांची लेक मैत्रिणीकडे राहायला गेली होती. तिथे व्होडका प्यायल्या, मुलंही होती. नंतर बॅगेत इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळीचं रिकामं पाकीट सापडलं. मी फोन काढून घेतलाय. ह्यांना अजून बोलले नाही."

ताई, पोटात गोळा आला असणार. पण तो फोन आधी परत द्या. पुन्हा अशा घरात अडकली तर तुम्हाला बोलावणार कशी?

माझं नेहमीचं तुणतुणं वाजवतेच. आपल्या मुलींना दारूपेक्षा घरच्यांची धास्ती जास्त, म्हणून त्या झिंगलेल्या मुलाच्या गाडीत बसतात, पण बाबांना उठवत नाहीत. माझ्या नणंदेकडे मेसेज ठरलेला होता: "आजीने गोळी घेतली का?" तो आला की भावोजी गाडी काढत आणि नणंद फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडे, "आत्ताच्या आत्ता घरी ये!" मैत्रिणींत भाचीची लाज राखली जाई. गाडीत एक शब्द नाही; बोलणं दुसऱ्या दिवशी, पोहे खाऊन झाल्यावर. मैत्रीण शुद्धीवर नसेल तर थेट ९११, म्हणजे अमेरिकेतला आपत्कालीन मदतीचा नंबर, हेही तिला पाठ होतं. मदत बोलावून तिथेच थांबणाऱ्या अल्पवयीन मुलांना न्यू जर्सीत कायद्याचं संरक्षण आहे. तुमच्या लेकीला हे माहीत आहे?

प्लॅस्टिकच्या कपात कुणी किती ओतलं ते कळत नाही, आणि तेवढीच दारू मुलांपेक्षा मुलींना जास्त चढते. म्हणून तिला हळूच विचारा: जे झालं ते तुझ्या मर्जीने झालं का? शुद्ध नसताना म्हटलेलं 'हो' हे 'हो' नव्हे. मर्जी नसेल तर दोष तिचा नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

गोळी घेतली यात मला तर पोरीची अक्कल दिसते. पण ती संसर्ग रोखत नाही. तपासणी करून घ्या, एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्धची) लस राहिली असेल तर तीही. पाळी लांबली तर गर्भचाचणी.

ह्यांना सांगा, आजच. फक्त बेसमेंटमधल्या बारमागे उभं राहून त्यांनी 'आपल्या संस्कृती'वर बोलू नये.

मराठी शाळा वर्षभर बंद ठेवली तरी काही बिघडत नाही. सासूबाईंना यातलं काही सांगायचं नाही. मे महिना थालीपिठांत जाऊ द्या.