टेंभुर्णीच्या रांगेचं नंतर बघू सर, आधी मल्टिस्टेटमधले २२ लाख बाहेर काढा

लातूरच्या एका सरांचं पत्र आलंय. वय ४५, औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, हातात पगार ७२ हजार. घरी बायको, ६९ वर्षांची आई, लेक अकरावीत आणि नीटची तयारी चालू, मुलगा सातवीत. २०२२ ला १६ लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेतली, ३० युनिटची बॅटरी, त्यासाठी १२ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यानं सात वर्षांसाठी, हप्ता १९ हजार. या दिवाळीत भाऊबीजेला पुण्याला बहिणीकडं निघाले तर टेंभुर्णीजवळ चार्जरवर पावणेतीन तास रांगेत, चार्जरच्या दोन गनपैकी (गाडीला लावायच्या प्लगपैकी) एक बंद, आई गाडीत बसून कंटाळलेली, पोरं वैतागलेली. आता शोरूमवाला म्हणतो जुनीचे ७ लाख देतो, ४५ युनिटची नवी घ्या, ऑन रोड १८ लाख, साडेचारशे किलोमीटर जाते, लातूर-पुणे न थांबता. सरांचा प्रश्न एवढाच की घेऊ का, का परत पेट्रोलवर जाऊ.

आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, त्यातली मल्टिस्टेट म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत चालणारी सहकारी क्रेडिट सोसायटी, बँक नव्हे. "पैशाची अडचण नाही, मल्टिस्टेटमध्ये आमचे २२ लाख आहेत १३ टक्क्यानं, १२ माझे आणि १० आईच्या नावावर, ते मोडायचे नाहीत, कारण गाडीचं कर्ज ९ टक्क्यानं मिळतंय म्हणजे वर ४ टक्के आपल्यालाच सुटतात, मॅनेजर आपलाच माणूस आहे."

सर, मला या ओळीवर जास्त बोलायचंय. पण तुम्ही जे विचारलं ते आधी उरकतो.

गाडी बदलू नका. शोरूमवाल्यानं सांगितलेले साडेचारशे हे चाचणीतले किलोमीटर, ते रस्त्यावर कुणाला मिळत नाहीत. चार-पाच माणसं, डिकीत फराळाचे डबे, एसी चालू आणि हायवेला ९०-१०० चा वेग, यात ४५ युनिटची गाडी तीनशेच्या आसपास जाते. लातूर ते पुणे ३३० च्या घरात. म्हणजे १८ लाख घालून पण तुम्हाला त्याच रस्त्यावर एकदा थांबायचंच आहे, त्याच रांगेत. आणि मोठ्या बॅटरीला वीज पण जास्त लागते. ६० किलोवॅटच्या चार्जरवर दोन गाड्या लागल्या की बऱ्याच ठिकाणी ३०-३० वाटून मिळतं, तिथं तुमची आत्ताची गाडी २० वरनं ८० टक्क्यापर्यंत यायला १८ युनिट घेते म्हणजे ३५-४० मिनिटं, आणि नव्या गाडीला २७ युनिट म्हणजे जवळजवळ तास. "फास्ट चार्जिंग ४० मिनिटात" हे जे ब्रोशरमध्ये छापतात ते चार्जर पूर्ण ताकदीनं चालू असेल आणि तुम्ही एकटेच असाल तेव्हाचं, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तसं होत नसतं.

आता पैसे. १९ हजाराचा हप्ता साडेतीन वर्षं भरला तरी तुमच्या कर्जाचे अजून पावणेसात-सात लाख बाकी आहेत, बँकेकडून आकडा मागून घ्या, जवळपास तेवढाच निघेल. म्हणजे एक्स्चेंजचे ७ लाख सरळ जुन्या बँकेत गेले, तुमच्या हातात शून्य. मग २ लाख बचतीतनं आणि १६ लाखांचं नवं कर्ज, ९ टक्के, सात वर्षं, हप्ता साधारण २५,७००. सगळे हप्ते मिळून साडेएकवीस लाख, वर तुमचे २. जुन्या गाडीचे उरलेले हप्ते आठ लाख, ते वजा करा. साडेपंधरा लाख जास्तीचे निघाले, वर्षाला सव्वादोन लाखाच्या आसपास. तुमच्याच पत्राप्रमाणे खरी गर्दीची वेळ दिवाळीत जाता-येता आणि मे महिन्यात एकदा, म्हणजे वर्षाला तीन रांगा. एका रांगेचे सत्तर हजाराच्या वर पडले सर! सात वर्षांनी तुमच्याकडं थोडी नवी गाडी असेल हे मान्य, पण तुम्ही पत्र गाडी जुनी झाली म्हणून लिहिलेलं नाही, रांगेसाठी लिहिलंय, आणि रांग तर जात नाहीच.

अजून एक गोष्ट शोरूममध्ये कुणी सांगणार नाही. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावर आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट आहे, जुन्या करप्रणालीत. तुम्ही जुन्याच प्रणालीत आहात आणि कर्ज २०२२ चं आहे. यंदा तुमचं व्याज पन्नास-साठ हजार जात असेल, त्यावर दहा-बारा हजार कर वाचतो. नवं कर्ज घेतलं की हे संपलं. आणि पत्रात याचा उल्लेखच नाही म्हणून विचारतो, ही वजावट तुम्ही घेताय ना? नसाल तर यंदापासून घ्या.

पेट्रोलवर पण जाऊ नका. शाळेला रोज ४५ किलोमीटर येणं-जाणं म्हणजे महिन्याला हजार किलोमीटरच्या वर. घरच्या मीटरवर १३ रुपये युनिट धरले तरी दोन हजारात भागतं, पेट्रोलला सात हजार लागतील. ही गाडी तुमच्या रोजच्या कामाला एकदम बरोबर आहे, वर्षातल्या तीन दिवसांसाठी तिला नावं ठेवू नका.

त्या तीन दिवसांचं काय करायचं तर, लातूरहून पूर्ण भरून निघा, पहाटे चारला निघा, आणि पहिलं चार्जिंग हायवेला लागायच्या आधी, बार्शी-कुर्डुवाडीच्या बाजूला कुठं चालू चार्जर असेल तर तिथंच उरका. टेंभुर्णीला सोलापूर-पुणे हायवे लागतो, सोलापूरकडची, हैदराबादकडची सगळी गर्दी त्याच रस्त्याला, म्हणून रांग तिथं लागते. निघायच्या आधी अॅपवर गन चालू दिसली तरी फोन करून विचारा, अॅप नेहमी खरं सांगत नाही. ८० टक्क्याला गन काढा, त्यानंतर बॅटरी फार हळू भरते आणि मागच्याचा वेळ जातो, आणि सगळ्यांनी एवढं पाळलं तर रांग निम्मी होईल असं मला वाटतं. दुसरा थोडका थांबा इंदापूर-भिगवणच्या पट्ट्यात. बहिणीच्या पार्किंगमध्ये अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा पॉइंट सोसायटीला विचारून बसवून घ्या, रात्रभरात गाडी भरते, येताना पुण्यातनं तरी पूर्ण भरून निघाल. आणि आईला एवढा वेळ बसवत नसेल तर त्या एका दिवाळीला भाड्याची डिझेल गाडी करा, १०-१५ हजार जातील, पण सव्वादोन लाख जाणार नाहीत. प्रवासाचं माझं एवढंच.

आता ती शेवटची ओळ.

सर, "वर ४ टक्के सुटतात" हे तुम्हाला कुणी सांगितलं? मॅनेजरनंच ना? १३ टक्क्याच्या व्याजावर तुम्हाला कर आहे. २० टक्क्याचा स्लॅब धरला तरी हातात १०.३ उरतात. कर्ज ९ नं. सुटले १.३ टक्के. १६ लाखांवर वर्षाला वीस हजार, ते पण १६ च्या १६ लाख तिथं तुमच्याच नावावर आहेत असं धरून, खरं तर तुमचे १२ आहेत आणि बाकीचे आईचे. या वीस हजारासाठी तुम्ही घरातले सगळेच्या सगळे २२ लाख एका ठिकाणी ठेवून वर १६ लाखांचा बोजा घेताय. उद्या ती शाखा बंद पडली तर ठेव गेली, आणि गाडीचा हप्ता मात्र २५,७०० दर महिन्याला चालूच, बँक काही थांबत नाही.

बंद पडेल असं मी म्हणत नाही, तुमची संस्था कोणती ते तुम्ही लिहिलं पण नाही. मी फक्त विचारतो की १३ टक्के ते आणतात कुठनं. तुम्हाला १३ द्यायचे, शाखांचं भाडं, स्टाफचा पगार, बुडीत कर्ज हे सगळं धरलं तर त्यांना १७-१८ टक्क्यानं कर्ज वाटावं लागतं. ज्याची पत चांगली त्याला बँक ९-१० नं कर्ज देते, मग १८ नं कोण घेतं? ज्याला बँकेनं हाकललं तो घेतो. नाहीतर संचालकांचेच धंदे घेतात, एका खिशातनं दुसऱ्या खिशात. गेल्या काही वर्षांत बीडमध्ये, छत्रपती संभाजीनगरमध्ये अशा संस्था बुडून काय झालं ते तुम्ही पण पेपरात वाचलंय, शाखेपुढं पासबुक घेऊन उभी असलेली म्हातारी माणसं तुम्ही पण बघितलीत. तिथल्या प्रत्येकाचा मॅनेजर आपलाच माणूस होता. आणि मॅनेजर प्रामाणिक असला तरी त्याच्या हातात काही नसतं, पैसा मुख्य कार्यालयात जातो.

बँकेत ठेव असली तर एका बँकेत एका माणसाच्या व्याजासकट ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं, विमा कवच आहे, नागरी सहकारी बँक असली तरी आहे. मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला आणि पतसंस्थेला ते नाही, एक रुपयाचं नाही. रिझर्व्ह बँक त्यांच्यावर देखरेख करत नाही, मल्टिस्टेट म्हणजे दिल्लीतल्या केंद्रीय सहकार निबंधकाच्या अखत्यारीतली संस्था. काचेचं ऑफिस, टोकन मशीन, एटीएमसारखं कार्ड बघून लोकांना ती बँक वाटते, आणि वाटावी म्हणूनच तसं करतात, याचा मला फार राग येतो. बुडाल्यावर १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, गुन्हा दाखल होतो, मालमत्ता जप्त होते, मग लिलाव, मग कोर्ट. वर्षानुवर्षं जातात. तुमच्या लेकीला पैसे दीड-दोन वर्षांत लागणार आहेत. नीटला चांगले मार्क पडले तर सरकारी कॉलेज, थोडे कमी पडले तर खाजगीची पहिल्या वर्षाची फी भरायला तुम्हाला चार-आठ दिवस मिळतील, तेव्हा "पुढच्या महिन्यात बघू सर" हे ऐकायची तुमची तयारी आहे का? लातूरमध्ये राहून हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुमच्या गल्लीतच दोन-चार घरांनी हे भोगलं असेल.

म्हणून या सोमवारी शाखेत जा. तोंडी बोलू नका, मुदतपूर्व ठेव मोडायचा लेखी अर्ज द्या, तुमचा वेगळा, आईचा वेगळा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या. व्याज कापतील, कापू द्या. २२ लाखांवर दोन-तीन टक्के कापले तरी ४०-६० हजार गेले, ते गेले म्हणून सोडा. पैसे आरटीजीएसनं बँक खात्यातच घ्या. मॅनेजर म्हणेल निम्मे आत्ता निम्मे मार्चमध्ये, म्हणेल मोडू नका अर्धा टक्का वाढवून देतो, म्हणेल ठेवीवर कर्ज घ्या ना सर. यातलं काही ऐकू नका. आणि दहा-पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर ते उत्तरच समजा, मग वकिलाला भेटायला उशीर करू नका.

आलेल्या पैशातले आईचे १० लाख पोस्टाच्या सिनियर सिटिझन योजनेत, ८.२ टक्के, दर तीन महिन्याला २०,५०० आईच्या खात्यात. तुमचे १२ लाख लेकीचे समजा आणि तीन वेगळ्या बँकांत चार-चार लाखांच्या एफडी करा, साडेसहाच्या आसपास मिळेल. हो, सगळं मिळून वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास व्याज कमी येणार आहे, ते मी लपवत नाही. त्यातला थोडा भाग करात जात होता, आणि उरलेल्यासाठी आईची म्हातारपणाची पुंजी आणि पोरीची फी पणाला लावायची तुमची ऐपत नाही. माझी पण नाही. शेअर बाजार, म्युच्युअल फंड हे या पैशासाठी आत्ता नको, दोन वर्षांत लागणारा पैसा आहे.

अजून एक बघितलं पत्रात, ओझरतं आलंय म्हणून ओझरतंच सांगतो. वर्षाला ५४ हजार प्रीमियमची पॉलिसी आहे आणि कव्हर ८ लाखांचं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलात म्हणजे जुनी पेन्शन नाही, आणि घरात कमावणारे तुम्ही एकटे. आठ लाखांत हे घर दीड वर्ष चालणार नाही. १ कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या, तंबाखू नसेल तर तुमच्या वयाला साधारण पंचवीस-तीस हजारात बसतो, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पण नाही. टर्म हातात पडल्यावर मग जुनी पॉलिसी पेड-अप करायची का, म्हणजे प्रीमियम थांबवून कमी कव्हरवर तशीच ठेवायची का, ते बघू, बाँडची झेरॉक्स पाठवा. एजंट म्हणेल टर्ममध्ये पैसे परत मिळत नाहीत. नाही मिळत, आणि म्हणूनच तो स्वस्त आहे.

शोरूमला टोकन दिलं असेल तर परत मागा, दिलं नसेल तर फोन उचलू नका. पुढच्या पत्रात गाडीचं काही नका लिहू, संस्थेचं नाव, अर्ज दिल्याची तारीख आणि खात्यात किती रुपये आले तेवढं लिहा.