आजाराचा अंदाज आणि आपलं गप्प राहणं

प्रिय लेकरा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. औषधांच्या खिडकीपाशी रांग मोडून पुढे घुसलेला तो माणूस, आत बसलेल्या मुलीला त्याने ऐकवलेले ते गलिच्छ शब्द, आणि मग तुझ्या मित्राचं वाक्य: "असेल बिचाऱ्याला काहीतरी मेंदूचा त्रास, आपल्याला काय माहीत?" त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय तिथेच मिटला. तुला मात्र राग आला होता. आता त्या रागाचंच तुला अपराधी वाटतंय, आणि आपण निर्दय तर नाही ना, असं तू मला विचारलं आहेस.

नाही. तुझा राग योग्य होता. उलट त्या वाक्यात जी दया दिसते, ती मला तपासून पाहावीशी वाटते. माझं सगळं आयुष्य मेंदूला इजा झालेल्या माणसांची वाचा परत आणण्याच्या कामात गेलं. त्यामुळे त्यांचं नाव कोणी असं सहज वापरलं की मला स्वस्थ बसवत नाही.

आधी हे सांगते की, खरोखर आजारामुळे तोंडून शिवी जाते, ती कशी असते. पक्षाघातानंतर काही माणसांची भाषा जवळजवळ पुसली जाते. स्वतःचं नाव सांगता येत नाही, पाणी मागता येत नाही. मात्र एखादी शिवी किंवा एखादा ठरलेला उद्गार शिल्लक राहतो, कारण असे शब्द आपण जुळवून बोलत नाही, ते आपोआप उमटतात. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी तपासलेला रुग्ण याच कारणाने वैद्यकाच्या इतिहासात राहिला. त्याला सांगितलेलं बरंचसं समजत असे, पण काहीही विचारलं तरी उत्तर एकच, 'तान'. फार चिडला की मात्र एक शपथवजा उद्गार स्पष्ट बाहेर पडे. असे रुग्ण मी पाहिले आहेत. नातवाला जवळ घ्यावं म्हणून हात पुढे करतात आणि तोंडातून शिवी बाहेर पडते. शब्द बाहेर पडताक्षणी चेहऱ्यावर जे उमटतं ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. डोळे मिटतात, मान खाली जाते, काही जण हाताने तोंड झाकतात. घरची माणसं लोकांना आधीच सांगून ठेवतात, हात जोडतात, बाहेर जाणं टाळतात.

टूरेट सिंड्रोमचंही तसंच. 1885 साली जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. लोकांच्या मनात या आजाराचा अर्थ एकच आहे, अचानक शिव्या देणारा माणूस. प्रत्यक्षात अश्लील शब्द तोंडून निघण्याचं लक्षण या आजाराच्या साधारण 10 ते 15 टक्के लोकांतच आढळतं. बाकीच्यांना डोळे मिचकावणं, मान झटकणं, घसा खाकरणं असले झटके येतात. ते थोडा वेळ दाबून धरता येतात, पण आतला ताण वाढत जातो. शाळेतली मुलं दिवसभर ते दाबून धरतात आणि घरी आल्यावर त्यांना भरभरून झटके येतात.

आणखी एक आजार आहे, मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाचा ऱ्हास होणारा स्मृतिभ्रंश. तो बहुधा 45 ते 65 या वयात सुरू होतो आणि त्याच्या एका प्रकारात स्मरणशक्तीच्या आधी माणसाची रीतभातच ढळते. आयुष्यभर मृदू असलेला माणूस चारचौघांत काहीही बोलू लागतो, दुसऱ्याचं दुःख त्याला जाणवेनासं होतं. तुझ्या मित्राच्या मनात असलंच काहीतरी असेल. पण हा आजार ओळखायला डॉक्टर काय विचारतात? हा माणूस पूर्वी कसा होता, हे. महिनोन् महिने काय बदलत गेलं, हे घरच्यांकडून ऐकून घेतात, मग चाचण्या आणि मेंदूचं चित्र. सगळं करूनही सुरुवातीला निदान चुकतं, नैराश्य समजून उपचार होतात. जिथे तज्ज्ञ चाचपडतात तिथे रांगेत उभ्या माणसाला दोन मिनिटांत काय कळणार?

त्या माणसाला यातलं काही नव्हतं, असंही मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही, आणि माहीत असण्याची गरजही नाही. मला तुला दाखवायचंय ते वेगळंच आहे. तुझ्या मित्राला तो माणूस खरोखर आजारी वाटला असता, तर त्याने काय केलं असतं?

रक्तातली साखर दर डेसिलिटरला 70 मिलिग्रॅमच्या खाली घसरली की माणूस घामाघूम होतो, थरथरतो, गोंधळतो, चिडतो, आणखी खाली गेली तर दारू प्यायल्यासारखा बरळतो. हे ज्याला खरंच जाणवलं तो काय करतो? जवळ जातो. "तुम्हाला मधुमेह आहे का?" विचारतो. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर साधारण 15 ग्रॅम साखर पोटात जाईल असं बघतो, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता रुग्णवाहिका बोलावतो. आजाराची शंका खरी असेल तर पाय उचलतात, हात पुढे होतो. तुझ्या मित्राच्या शंकेने कोणालाच जागचं हलवलं नाही, ना त्या माणसाकडे, ना त्या मुलीकडे. त्या शंकेने फक्त सगळ्यांना गप्प राहायची मुभा दिली. मला म्हणायचंय ते एवढंच आहे, लेकरा. आजाराचा हा अंदाज त्या माणसासाठी नव्हता, आपल्याला बोलावं लागू नये म्हणून होता. तुझा मित्र वाईट नाही. भांडखोर माणसाची भीती वाटते, ती वाटणं स्वाभाविक आहे. पण भीतीला भीती म्हणावं. तिला करुणेचं नाव दिलं की त्याची किंमत दुसरं कोणीतरी मोजतं.

कोण मोजतं? पहिली ती मुलगी. तिचा अपमान झाला होता आणि अर्ध्या मिनिटात सगळ्यांची सहानुभूती अपमान करणाऱ्याकडे गेली. आता तिला रडूही येता कामा नये, कारण बिचाऱ्यावर रागवायचं कसं!

दुसरे मोजणारे म्हणजे माझे रुग्ण. प्रत्येक उद्धटपणामागे 'ऑटिझम असेल', 'मानसिक असेल' असं म्हणत गेलं की ऐकणाऱ्याच्या मनात त्या आजाराचं चित्र तसंच बसतं. उद्या एखादा ऑटिझम असलेला तरुण नोकरीला गेला आणि त्याने ते मोकळेपणाने सांगितलं, की समोरचा मनात म्हणणार, हा कधीतरी कोणाच्या अंगावर ओरडणार. खरं तर गजबज आणि आवाज असह्य होऊन ऑटिस्टिक माणूस कोसळतो तेव्हा त्यात कोणाला कमी लेखण्याचा हेतू नसतो. कित्येक जण तर चारचौघांतले नियम इतरांपेक्षा कष्टाने शिकलेले आणि काटेकोर पाळणारे असतात. मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक कधीच कोणाला इजा करत नाहीत, त्यांनाच इतरांकडून त्रास होण्याचा संभव अधिक असतो. त्यांच्या नावावर परक्याच्या शिव्या जमा करायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि ज्यांना या समजूतदारपणाची खरी गरज असते, त्यांना तो मिळतच नाही. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाचा आजार असलेला माणूस झोकांड्या खात चालतो, शब्द जड येतात, आणि लोक म्हणतात, दिवसाढवळ्या प्यायलाय. पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडतात, हसू उमटत नाही, त्याला शिष्ट ठरवतात. ऐकू न येणाऱ्याने हाकेला ओ दिली नाही की तो माजलेला. मेंदूच्या काही विकारांत कारण नसताना हसू किंवा रडू फुटतं आणि आवरत नाही. अशा माणसाला शोकाच्या प्रसंगी हसल्याबद्दल बोल लावले जातात. यातल्या कोणीही कोणाचं काही बिघडवलेलं नसतं. कोणाला इजा न करणारं, फक्त वेगळं दिसणारं वागणं समोर आलं की तुझ्या मनात 'काही कारण असेल' हा विचार जरूर येऊ दे. तिथे तो शोभतो. समोरच्याची मानहानी चालू असते, तिथे तो विचार पुढे करायचा नसतो.

आणखी एक गोष्ट मला सलते. हा आजाराचा संशयलाभ सगळ्यांना सारखा मिळतो का, ते बघ. चांगल्या कपड्यांतला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस ओरडला की आपण म्हणतो, ताण असेल, बुद्धिमान माणसं अशीच असतात. मळक्या कपड्यांतला माणूस स्वतःशी पुटपुटत बाजूने गेला तरी रखवालदाराला हाक मारली जाते. त्या दुसऱ्या माणसाला आजार असण्याची शक्यता कदाचित जास्त असते.

दुरून निदान करण्याचा मोह तज्ज्ञांनाही आवरत नाही. 1964 साली अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर अध्यक्षपदाची निवडणूक लढवत होते. 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकाने हजारो मनोविकारतज्ज्ञांना पत्रं पाठवून गोल्डवॉटर या पदासाठी मनाने सक्षम आहेत का असं विचारलं. उत्तर देणाऱ्यांपैकी 1,189 जणांनी कधीही न तपासलेल्या माणसाला अपात्र ठरवून टाकलं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे 1973 मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला की स्वतः तपासल्याशिवाय आणि संमतीशिवाय सार्वजनिक व्यक्तीच्या मनाबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. तिथे निदान बदनामीसाठी झालं, तुमच्या रांगेत माफीसाठी. पण दोन्हीकडे त्या माणसाला न विचारताच त्याच्या डोक्यात आजार घातला गेला.

फिनिअस गेज या अमेरिकेतल्या रेल्वेच्या मुकादमाचं नाव तुझ्या कानावर असेल. 13 सप्टेंबर 1848 रोजी स्फोटात उडालेली लोखंडी पहार त्याच्या गालाखालून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला, पण स्वभाव बिघडला, शिवराळ झाला, हे सगळे सांगतात. त्याच्या नंतरच्या वर्षांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्याने पुढे चिलीत जाऊन अनेक वर्षं घोडागाडी हाकली. परक्या देशात, वेळेवर, उतारूंशी बोलत-वागत करायचं ते काम. इतकी भयंकर इजा झालेला माणूसही चारचौघांत वागायला पुन्हा शिकला असावा, असं आज अनेक अभ्यासक मानतात. मला तर यात आश्चर्य वाटत नाही. आमच्या विभागात रोज तेच चालायचं. रुग्ण ओरडला तर आम्ही म्हणायचो, "आवाज खाली घ्या, मग बोलू." रागाने नाही, पण ठामपणे. आजार आहे म्हणून काहीही चालवून घेतलं असतं तर आम्ही त्यांना माणसांत परत येऊच दिलं नसतं. आजारी माणसाकडूनही काही अपेक्षा ठेवणं हा त्याचा मान आहे.

म्हणूनच तिथे काय करायचं हे निदानावर अवलंबून नाही. पुन्हा अशी वेळ आली तर आधी ज्याला बोल लागलेत त्याच्या शेजारी जाऊन उभं राहा. मग छोटं वाक्य, शांत आवाजात: "त्यांच्याशी असं बोलू नका. रांग मागून आहे." टोमणा नको, त्याच्या डोक्याबद्दल काही नको, गर्दी गोळा करणं नको, मोबाइलवर चित्रीकरण तर नकोच. माणूस नुसता उद्धट असेल तर त्याला हद्द कळते. खरंच आजारी असेल तर त्यालाही कमी शब्द, कमी गोंगाट आणि स्पष्ट सूचनाच सोसते. तो अंगावर येईल असं वाटलं तर मात्र मागे सर आणि तिथल्या जबाबदार माणसाला बोलाव, तिथे धाडस दाखवू नकोस. तो निघून गेल्यावर खिडकीतल्या मुलीला विचार, "तुम्ही ठीक आहात का? तक्रार करायची असेल तर मी पाहिलंय, मी सांगेन."

तू शेवटी विचारलं आहेस, त्याने स्वतःच किंवा त्याच्यासोबतच्या माणसाने आजार असल्याचं सांगितलं तर? तर विश्वास ठेव. पुरावा मागू नकोस, आजाराचं नाव विचारू नकोस. 2016 मध्ये इंग्लंडच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलांची हिरवी फीत सुरू झाली, आता ती अनेक देशांत चालते. न दिसणारा त्रास असलेला माणूस ती स्वेच्छेने गळ्यात घालतो. आजार कोणता हे कोणाला सांगावं लागत नाही, फक्त थोडा वेळ आणि सबुरी हवी एवढं कळतं. सांगायचं की नाही, कोणाला आणि किती, हे त्याने ठरवायचं असतं. तेव्हा "काय केलं तर बरं वाटेल?" एवढं विचार, आणि जमेल ते कर. त्यानंतरही खिडकीशी जाऊन त्या मुलीची चौकशी करायला विसरू नकोस. शब्द आजारातून आले असले तरी ते तिला लागलेलेच असतात.

तुझ्या मित्राला हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल. त्याचं काही वेगळं म्हणणं असेल तर मला जरूर लिहू दे.

तुझ्या बाई