वयाच्या ३८ व्या वर्षी नोकरी सांभाळून पुन्हा शिकण्यात अर्थ आहे का, की कंपनीतले प्रोजेक्टच पुरे?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमानंतर १५ वर्षं कारखान्यात गेली, मागून आलेली पोरं पुढे निघाली, आणि आता डिग्री करावी, एखादा कोर्स करावा, की कंपनी देईल ते प्रोजेक्ट करत राहावं हे कळत नाहीये. मी याच वाटेने गेलोय आणि पहिली दोन वर्षं पार चुकलोय, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. २००६ पासून चाकणला, गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेसखाली पत्रा दाबून पार्ट काढतात त्या विभागात. २०१६ मध्ये शॉपच्या मॅनेजरची जागा निघाली. ती मलाच मिळणार असं मी घरी सांगून बसलो होतो. मिळाली २९ वर्षांच्या एका बी.ई. झालेल्या मुलाला. मुलगा चांगला होता, हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त राग होता. त्या रागातच मी दूरशिक्षणातून एमबीएला प्रवेश घेतला. पुस्तकं पोस्टाने आली. असाइनमेंट आम्ही तिघं-चौघं एकमेकांच्या बघून उतरवायचो, परीक्षेआधी चार रात्री जागायचो. दोन वर्षांनी पदवी हातात आली, एचआरच्या फाइलला लागली. त्या वर्षीची पगारवाढ आधीच्या वर्षीइतकीच. दोष एमबीएचा नव्हता. मी शिकत होतो ते कुणाला तरी दाखवून देण्यासाठी, आणि सोमवारी शॉपवर गेल्यावर त्यातलं काहीच माझ्या हाताशी नसायचं.

खरी सुरुवात २०१९ च्या जानेवारीत झाली, तीही अगदी अपघाताने. त्याच मॅनेजरने एनपीटीईएलवरच्या, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या, सिक्स सिग्माच्या कोर्सची लिंक पाठवली. सिक्स सिग्मा म्हणजे आकडेवारी वापरून उत्पादनातले दोष कमी करायची पद्धत. १२ आठवड्यांचा कोर्स, आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं, शिकायला पैसे नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच साधारण हजार रुपये. दर आठवड्याला असाइनमेंट, तिची मुदत बुधवारी रात्री. १२ पैकी तुमच्या चांगल्या ८ धरतात, त्यांना २५ गुण, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तिचं बीजगणित, दुसऱ्या टोकाला माझं प्रमाण विचलन. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी रात्री साडेबाराला घरी पोचायचो, त्या बुधवारच्या असाइनमेंट सकाळी डबा भरेपर्यंत बसून मंगळवारीच उरकाव्या लागायच्या. दोन तर बुडाल्याच.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात मापन पद्धतीच्या तपासणीवर, म्हणजे आमच्या भाषेत एमएसएवर, धडा आला. हा शब्द मी ऑडिटच्या वेळी शंभरदा ऐकला होता. क्यूएवाले, म्हणजे गुणवत्ता विभागातले लोक, ऑडिटच्या आदल्या दिवशी कागद तयार करायचे, ऑडिटर सही करायचा, विषय संपायचा. धड्यात सांगितलं होतं ते साधं होतं: १० नग घ्या, ३ तपासणीस घ्या, प्रत्येकाकडून प्रत्येक नग ३ वेळा मोजून घ्या. ९० रीडिंग. त्यावरून समजतं की दिसणाऱ्या फरकातला किती फरक नगांचा आहे आणि किती मोजण्याचाच आहे. मोजण्याचा वाटा १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर गेला तर ते गेज, म्हणजे मोजायचं साधन, वापरू नका.

आमचा एक ब्रॅकेट होता. त्याच्या फ्लँजची, म्हणजे वाकवलेल्या कडेची, उंची अधिक-उणे ०.३ मिलिमीटरमध्ये हवी असायची आणि ती सतत बाहेर जायची. वर्षानुवर्षं आम्ही डायला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला, शिम (उंची जुळवायची पातळ पट्टी) घालत होतो, शिम काढत होतो. कधी पत्र्याच्या कॉइलला दोष, कधी ऑपरेटरला. मला वाटलं, मोजून तरी बघू.

आता यातला अवघड भाग गणिताचा नव्हता. आमच्याकडे तपासणीला एक जुने गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी १० ब्रॅकेट घेऊन गेल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आता माझ्या हाताची परीक्षा घेणार का तुम्ही?" मी कोर्समध्ये शिकलेलं पाठ करून दाखवलं, की ही माणसाची परीक्षा नाही, पद्धतीची आहे वगैरे. ते आणखीच चिडले. तीन दिवस त्यांनी वेळच दिला नाही. चौथ्या दिवशी मी कागद बाजूला ठेवला, कॅन्टीनमध्ये त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, "मामा, हा नग बाहेर जातोय असं तुम्हाला खरंच वाटतं का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला तर त्या फिक्स्चरचाच भरवसा नाही. पण मला कोण विचारतंय?" फिक्स्चर म्हणजे मोजताना नग ज्यावर बसवतात ती चौकट.

नगांच्या खालच्या बाजूला नंबर घातले, म्हणजे मोजणाऱ्याला कुठला नग आहे ते दिसू नये. तिघांनी मोजलं. हिशेब केला तर मोजण्याचाच वाटा ४१ टक्के. मी दोनदा गणित तपासलं, मग मुलीकडून बेरजा तपासून घेतल्या. कारण मामांनीच शोधलं: फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजली होती, त्यामुळे नग किंचित तिरका बसायचा. मामा सवयीने अंगठ्याने तो दाबून मग डायल बघायचे, बाकीचे दोघं दाबायचे नाहीत. एकाच्या हातून पास होणारा नग दुसऱ्याच्या हातून नापास. आम्ही कित्येक चांगले ब्रॅकेट रिवर्कला पाठवले होते आणि चांगल्या डायला विनाकारण शिम घातली होती. पिन बदलली आणि नग बसवायचा क्लॅम्प लावला, टूलरूमचं दोन दिवसांचं काम. पुन्हा ९० रीडिंग घेतली तेव्हा मोजण्याचा वाटा ९ टक्क्यांवर आला.

म्हणून तुमच्या 'कोर्स की प्रोजेक्ट' या प्रश्नातला 'की'च मला पटत नाही. नुसता कोर्स केला असता तर ते सूत्र परीक्षेत लिहून विसरलो असतो. आणि नुसते प्रोजेक्ट तर मी १३ वर्षं करतच होतो की! दर वर्षी कायझेनचा, म्हणजे छोट्या-छोट्या सुधारणांचा, बोर्ड भरायचो, कायझेन सप्ताहात बक्षीसही घ्यायचो. पण आपण ज्याने मोजतोय ते तरी बरोबर आहे का, हा प्रश्न माझा मला कधीच पडला नसता. तो बाहेरून यावा लागला. आणि त्याचं उत्तर मामांकडे आधीपासून होतं, हे पुस्तकात सापडलं नसतं.

असाइनमेंट आणि परीक्षा मिळून १०० पैकी ६१ मिळाले. ६० च्या वर 'एलिट' असं छापून येतं, त्यामुळे मुलीने मला काही महिने एलिट बाबा म्हणून छळलं.

दुसरं काम डाय बदलण्याचं, त्याची गोष्ट थोडी कमी शोभेची आहे. १५० टनी प्रेसवर डाय बदलायला आम्हाला सरासरी ७० मिनिटं लागायची. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याची पद्धत मी तेव्हा वाचली. १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदामध्ये, प्रेस बंद ठेवून कामगार एक हरवलेला बोल्ट शोधत फिरताना त्यांनी पाहिला. त्यावरून सुचलं की मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं वेगळी आणि मशीन चालू असताना उरकता येतील ती वेगळी. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसचा चार तासांचा सेटअप आधी ९० मिनिटांवर आणि मग ३ मिनिटांवर आला. मला ३ मिनिटांपेक्षा तो बोल्ट जास्त भावला, कारण आमचा पाना नेहमी शेजारच्या प्रेसवर असायचा आणि पान्यामागे गेलेला माणूस वाटेत गप्पा मारून यायचा.

मोबाइलवर व्हिडिओ काढला, ऑपरेटरबरोबर बसून बघितला. डाय आधीच आणून ठेवायची, पाने-बोल्टची एक ट्रॉली, सगळ्या डायना खालून ठोकळे लावून उंची सारखी केली म्हणजे शट हाइट, प्रेस खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची, दर वेळी जुळवायला नको. ७० चे २६ मिनिटं झाले. प्लँट हेडसमोर सादरीकरण, टाळ्या, फोटो. सहा महिन्यांनी मी सहज वेळ लावून बघितली तर ५५ मिनिटं. ट्रॉली मेंटेनन्सवाले घेऊन गेले होते आणि नवीन आलेल्या दोन ऑपरेटरना कुणी काही शिकवलंच नव्हतं. ते कुणी म्हणजे मीच. माझं लक्ष तेव्हा पुढच्या कोर्सच्या परीक्षेत होतं. तेव्हापासून एक डायरी ठेवतो: काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, आणि तीन महिन्यांनी परत जाऊन बघितलं तेव्हा काय होतं. तिसरा रकाना बहुतेक वेळा लाजिरवाणा असतो.

बढतीचं विचाराल तर मॅनेजर मी आजही नाही. २०२१ मध्ये मला प्रोसेस इंजिनीअरिंगमध्ये घेतलं. त्या मुलाखतीत प्लँट हेडने प्रमाणपत्र उघडूनही पाहिलं नाही. पाऊण तास ब्रॅकेटच्या त्या ९० रीडिंगवरच विचारत होते.

डिग्रीचं मात्र वेगळं बोलायला हवं. सरकारी जागा, परदेशी जाणं, किंवा जिथे अर्जच डिग्रीवर छाटला जातो अशी कंपनी, यातलं काही तुमच्या मनात असेल तर कोर्सच्या प्रमाणपत्राने भागणार नाही. पण मग घाईत फसू नका. पत्रव्यवहाराने मिळणाऱ्या इंजिनीअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ ला कडक निकाल दिलाय, तरी 'घरबसल्या बी.टेक.' म्हणून फोन करणारे एजंट आजही आहेत. एएमआयईला, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्सच्या परीक्षा देऊन मिळणाऱ्या पात्रतेला, पदवीची समकक्षता मिळते ती ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांनाच. जुने सहकारी सांगतील की आमचं झालं, त्यांचं खरंच झालंय, तुमचं होणार नाही. आता सरळ मार्ग म्हणजे एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेने, २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी मान्यता दिलेले बी.टेक.चे वर्ग. सोयीच्या वेळेत असतात, पण कॉलेजात जावं लागतं, आणि शिफ्ट ड्युटी असेल तर साहेबांशी आधी बोलून घ्या. कॉलेजचं नाव एआयसीटीईच्या यादीत स्वतः बघितल्याशिवाय फी भरू नका.

तुमच्या जागी मी असतो तर डिग्रीचा निर्णय सहा महिने लांबवला असता. एनपीटीईएलचे कोर्स जानेवारीत आणि जुलैमध्ये सुरू होतात. नाव निवडताना एवढंच बघितलं असतं की यातलं काय मला या सोमवारी शॉपवर करून बघता येईल. आणि तोवर, ज्या पार्टवरून तुमच्याकडे रोज भांडण होतं त्याचे १० नग बाजूला काढा, खालून नंबर घाला, तिघांकडून मोजून घ्या. फक्त तपासणीला जो कुणी जुना माणूस असेल, त्याला आधी चहा पाजा.