अक्कलकुव्याहून भाऊ पुण्यात शिकायला येतोय, आदिवासी विद्यार्थ्यांना इथे काय मदत मिळते?

सगळ्यात आधी आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. पुणे जिल्ह्याचं प्रकल्प कार्यालय शहरात नाही, आंबेगाव तालुक्यात घोडेगावला आहे, हे बऱ्याच जणांना इथे आल्यावर कळतं.

वसतिगृहात नंबर नाही लागला तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना बघा. बारावीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. २०१६ साली ती आली तेव्हा पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते: जेवण ३२,०००, खोली २०,०००, किरकोळ खर्च ८,०००. आजचा आकडा कार्यालयातच विचारा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात हप्त्यांनी येतात, त्यामुळे सुरुवातीचं डिपॉझिट आणि मेसचे पैसे जवळ ठेवूनच निघा. दोन-तीन जणांनी मिळून खोली घेतली तरच परवडतं. घरमालकाकडून भाडेकरार मात्र पहिल्याच दिवशी लिहून घ्या, नंतर ते टाळाटाळ करतात.

जातीचा दाखला तिकडूनच, प्रांत कार्यालयातून काढून आणा. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कुटुंबाचा रहिवास दाखवावा लागतो. ते कागद गावातच सापडणार, पुण्यात बसून कोण शोधणार? व्हॅलिडिटीचंही (जात वैधता प्रमाणपत्र) तिकडेच उरकलं तर उत्तम.

रेशनकार्डावर भावाचं नाव आणि आधार जोडलेलं असेल तर त्याच्या वाट्याचं धान्य पुण्यातल्या दुकानात अंगठा लावून मिळू शकतं. दुकानदार 'कार्ड इथलं नाही' म्हणाला तर 'वन नेशन वन रेशन' म्हणून ठामपणे सांगायचं.

स्पर्धा परीक्षा करणार असेल तर क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षणाची चौकशी करा.